भोक न पाडता स्टीलच्या टाकीतला डेटा बाहेर आणायचा: अल्ट्रासाऊंडने कसं जमवायचं?

वाळूज एमआयडीसीतल्या एका मेंटेनन्स इंजिनिअरचा प्रश्न थोडक्यात असा: ३०४ स्टेनलेसचं बंद प्रेशर व्हेसल आहे, व्यास एक मीटर, शेलची जाडी १२ मिमी. आतलं तापमान (जास्तीत जास्त ९५ अंश) आणि दाब (४ बार) बॅच चालू असतानाच बाहेर स्क्रीनवर दिसायला हवेत, पण व्हेसलला नवीन भोक पाडायला परवानगी नाही. आत ब्लूटूथ मॉड्यूल ठेवून पाहिलं, मॅनहोल बंद केलं की सिग्नल गायब होतो. मग अल्ट्रासाऊंड धातूतून जातो असं वाचलं, म्हणून एचसी-एसआर०४ चे ४० किलोहर्ट्झचे सेन्सर सुटे करून भिंतीच्या दोन्ही बाजूंना एम-सीलने चिकटवले. पलीकडे काहीच पोचत नाही. चूक कुठे होतेय, आणि या पद्धतीने किती स्पीड मिळेल?

आधी स्पीडचं बघू, कारण तिथूनच बाकीचं सगळं ठरतं. तापमानाला १६ बिट, दाबाला १६ बिट, क्रमांक आणि ओळख मिळून १६, चूक तपासायला सीआरसी १६. झाले ६४ बिट. दर पाच सेकंदांनी एक वाचन पुरतं असं धरलं तर सेकंदाला तेरा बिट लागतात. एवढ्या तापमानात आणि एवढ्या मोठ्या टाकीत पाच सेकंदांत काही उलथापालथ होत नाही. त्यामुळे मेगाबिटच्या मागे लागायचं कारण नाही. तुमच्यापुढचे खरे प्रश्न दोनच आहेत: आवाज पीझो चकतीतून (वीज दिली की थरथरणारी आणि थरथरली की वीज देणारी सिरॅमिकची चकती) स्टीलमध्ये आणि स्टीलमधून पलीकडच्या चकतीत कमीत कमी नुकसानीत कसा उतरवायचा, आणि बंद टाकीतल्या सर्किटला वीज कुठून द्यायची.

त्याहीआधी एक तपासून घ्या. व्हेसलला एखादं वापरात नसलेलं नोझल ब्लाइंड फ्लँज (भोक नसलेली, बोल्टने बसवायची झाकणपट्टी) लावून बंद केलेलं आहे का? बहुतेक व्हेसलला असतं. असेल तर शेलला हात न लावता त्या जागी नवीन फ्लँज बसवता येतो. त्यात थर्मोवेल (तापमानाचा सेन्सर घालायची बंद नळी) आणि प्रेशर ट्रान्समीटर घ्या, किंवा वायर बाहेर काढायचा कॉम्प्रेशन ग्लँड घ्या. तुमच्या इन्स्पेक्शन एजन्सीला हे शेलला भोक पाडण्यापेक्षा फार लवकर पटतं. हा मार्ग मोकळा असेल तर पुढचं सगळं सोडून द्या. वाचन बॅच संपल्यावर पाहिलं तरी चालणार असेल तर आत ठेवायचा स्टीलबंद डेटा लॉगर तयार मिळतो, तो घ्या. नोझलही नाही आणि वाचनही लाइव्हच हवं, अशी अडचण असेल तरच अल्ट्रासाऊंडकडे वळायचं.

ब्लूटूथ का मरतं? धातूत शिरलेली रेडिओ लहर पृष्ठभागाजवळच विझते. २.४ गिगाहर्ट्झला ३०४ स्टेनलेसमध्ये ही खोली जेमतेम ९ मायक्रॉन असते. १२ मिमी म्हणजे त्याच्या हजारपटींहून जास्त. पॉवर वाढवा, अँटेना बदला, काही फरक पडत नाही. मॅनहोल उघडं असताना सिग्नल येत होता, तो त्या भोकातून.

पण फ्रिक्वेन्सी खाली नेली की हीच खोली वाढत जाते. एक किलोहर्ट्झला ३०४ मध्ये ती साधारण १३ मिमी भरते, म्हणजे तुमच्या भिंतीएवढी. स्टेनलेसच्या टाकीत एक मार्ग त्यामुळे उघडा राहतो: आत एक कॉइल, बाहेर एक कॉइल, आणि १ किलोहर्ट्झच्या आसपास सेकंदाला दहा-वीस बिट. फ्रिक्वेन्सी ठीक १,००० ठेवू नका, तिथे ५० हर्ट्झच्या मेन्सचा विसावा हार्मोनिक येऊन बसतो. १,०२५ घ्या, ती दोन हार्मोनिकच्या बरोबर मध्ये पडते. साध्या कार्बन स्टीलच्या टाकीत मात्र हे विसरा. ते चुंबकीय असल्यामुळे एक किलोहर्ट्झलाही खोली मिलिमीटरच्या आत राहते आणि १२ मिमीपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. कॉइलची पद्धत चिकटवण्याच्या कटकटीतून सोडवते, पण आत बॅटरी लागते, आणि ९५ अंशांना नेहमीची लिथियम बॅटरी टिकत नाही. बहुतेकींची मर्यादा ६० किंवा ८५ अंश असते. म्हणून तुमच्या तापमानाला मी अल्ट्रासाऊंडच घेईन. त्याच चकतीतून आतल्या सर्किटला वीजही देता येते.

आता एचसी-एसआर०४. ते सेन्सर हवेसाठी केलेले आहेत. आत पातळ पत्र्यावर पीझोचा तुकडा, त्यावर छोटा शंकू, पुढे जाळी. जाळी भिंतीला चिकटवली तरी पीझो आणि भिंत यांच्यामध्ये हवा राहतेच. स्टीलचा अकूस्टिक इम्पिडन्स, म्हणजे आवाजाच्या लहरीला होणारा विरोध, साधारण ४५ मेगारेल, हवेचा ०.०००४. एवढ्या फरकामुळे हवेतून स्टीलमध्ये शिरताना लाखातले तीन-चार भागच आत जातात, बाकी सगळं परत फिरतं. पलीकडे स्टीलमधून हवेत येताना पुन्हा तेच. दोन्ही मिळून अब्जातला एखादा भाग उरतो. शिवाय ४० किलोहर्ट्झला स्टीलमधली तरंगलांबी १४ सेंटिमीटरच्या वर जाते. एवढ्या लांब लहरीला १२ मिमीची भिंत म्हणजे पातळ पत्रा, त्यामुळे जी काही ऊर्जा जाते ती सरळ पलीकडे न जाता सगळ्या शेलभर पसरते. एम-सीलचाही दोष आहे. ती भरणीची पुट्टी आहे, तिचा थर जाड बसतो आणि त्यात हवेचे बुडबुडे राहतात.

हवा एकदा काढून टाकली की चित्र पालटतं. पीझो चकती ज्याची बनते त्या पीझेडटी सिरॅमिकचा इम्पिडन्स ३३-३४ मेगारेल, म्हणजे स्टीलच्या जवळचा. चकती स्टीलला घट्ट चिकटली असेल तर कागदावर ९७-९८ टक्के ऊर्जा पलीकडे उतरते. या कामात स्टीलची भिंत हा अडथळा नसतो. चकती आणि भिंत यांच्यामधला केसाएवढा थर हाच अडथळा असतो. तो थर नीट जमला की बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स सोपं आहे, आणि तो बिघडला तर महागातलं इलेक्ट्रॉनिक्सही वाया जातं.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. व्हेसलला जॅकेट (वाफ किंवा पाणी फिरवायचं बाहेरचं दुसरं कवच) आहे का? असेल तर शेलवर बाहेरून चकती लावून उपयोग नाही. जॅकेटमध्ये वाफ असेल तर आवाज तिथेच संपतो. पाणी असेल तर थोडा जातो, पण पाण्यातून आणि बुडबुड्यांतून जाताना दर मिनिटाला बदलतो. ग्लास लाइन्ड रिॲक्टर असेल तर आतून घासणं आणि चिकटवणं दोन्ही वर्ज्य. रबर लायनिंग असेल तर रबरच आवाज खाऊन टाकतं. ग्लासवूल आणि क्लॅडिंग असेल तर तेवढ्यापुरती खिडकी कापावी लागेल. आत सॉल्व्हंट असेल तर आतलं प्रत्येक सर्किट त्या झोनसाठी प्रमाणित असल्याशिवाय आत ठेवायचंच नाही, त्यात तडजोड नाही. आणि माल खाण्याचा किंवा औषधाचा असेल तर उघडं इपॉक्सी आणि मालाला अडकायला जागा देणारी फट क्यूए, म्हणजे गुणवत्ता विभाग, चालू देणार नाही. त्यांच्याशी आधी बोला.

सुटे भाग मागवण्याआधी एक स्वस्त चाचणी करून घ्या. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे अल्ट्रासॉनिक टेस्टिंगची माणसं नेहमी येत असतात. फ्लॉ डिटेक्टर घेऊन येणाऱ्या एखाद्या टेक्निशियनला अर्ध्या तासासाठी बोलवा. साध्या प्रोबने तुमच्या जागेची नेमकी जाडी मोजून घ्या आणि स्क्रीनवर किती बॅक एको (पलीकडच्या पृष्ठभागावरून परत आलेले प्रतिध्वनी) ओळीने दिसतात ते पाहा. आठ-दहा एको स्वच्छ, हळूहळू उतरत जाणारे दिसले तर जागा चांगली. दोन-तीन एकोतच गवत, म्हणजे बारीक विस्कळीत रेघा, दिसायला लागलं, तर ती जागा वेल्डजवळची आहे किंवा आतून खपली धरलेली आहे. दुसरीकडे सरका.

जागा कोणती निवडावी? शेलची गोलाई त्रास देते. एक मीटर व्यासाच्या शेलवर २५ मिमीची सपाट चकती ठेवली तर कडेला ०.१६ मिमी फट पडते. आतून लावली तर उलटं होतं, कडा टेकतात आणि मध्ये तेवढीच फट राहते. हा थर फार जाड आहे. १० मिमीच्या चकतीला हीच फट ०.०२५ मिमी पडते, ती चालते, पण लहान चकतीचा झोत लवकर पसरतो आणि वीज कमी मिळते. शेलच्या गोलाईला जुळणारा ॲल्युमिनियमचा बूट, म्हणजे मधला ठोकळा, टर्नरकडून करून घेता येतो, पण मग एकाऐवजी दोन सांधे सांभाळावे लागतात.

माझी पसंती मॅनहोलच्या झाकणाला, अर्थात ते सपाट ब्लाइंड फ्लँज असेल तर. ते काढून टेबलावर आणता येतं, दोन्ही बाजूंना निवांत काम करता येतं, आणि बंद टाकीत उतरून ॲसिटोन वापरायचा धोका टळतो. झाकण जाड असतं, पण त्याने बिघडत नाही. २५ मिमी धरू. एक मेगाहर्ट्झला ३०४ मधली तरंगलांबी सुमारे ५.७ मिमी येते, आणि २५ मिमी चकतीचा झोत साधारण २७ मिमीपर्यंत न पसरता सरळ जातो. म्हणजे जोडी बरोबर जुळली.

चकत्या दोन घ्या: २५ मिमी व्यास, सुमारे २ मिमी जाड, एक मेगाहर्ट्झ. बाहेरची पीझेडटी-४ जातीची, कारण ती पॉवर सोसते. आतली पीझेडटी-४ किंवा ५ए. ५एच घेऊ नका. तिचं क्युरी तापमान (ज्याच्या वर चकतीचा पीझो गुण जातो) २०० अंशांच्याही खाली आहे आणि वापर त्याच्या निम्म्यापर्यंतच धरायचा असतो, म्हणजे तुमचे ९५ अंश अगदी काठावर येतात. दोन्ही चकत्या रॅप-अराउंड इलेक्ट्रोडच्या मागवा. त्यात खालच्या बाजूचा इलेक्ट्रोड कडेवरून वर आणलेला असतो, त्यामुळे दोन्ही वायरी वरून जोडता येतात. सोल्डर चांदीमिश्रित वापरा आणि बिट दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका. जास्त तापवलं की इलेक्ट्रोड सुटतो आणि चकतीही तेवढ्या जागेत डीपोल होते, म्हणजे पीझो गुण गमावते.

आता चिकटवणं. आतल्या आणि बाहेरच्या जागेचे मध्यबिंदू झाकणाच्या कडेपासून मोजून आखून घ्या. पाच मिलिमीटर चूक झाली तर चकत्यांचा चतुर्थांश भाग एकमेकींसमोर उरत नाही. दोनपेक्षा जास्त चूक मी चालवून घेत नाही. जागा आधी १२० च्या आणि मग ४०० च्या पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा. नुसत्या बोटाने घासलं की मध्ये खळगा पडतो. ग्राइंडर लावू नका. स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड पाहा, दिसला तर अजून घासा. मग ॲसिटोनने पुसा, कापड दरवेळी नवीन, जोवर कापडावर काळं येत आहे तोवर. त्यानंतर बोट लावायचं नाही.

इपॉक्सी पाच मिनिटांचं नको. ते ५०-६० अंशांना मऊ पडतं. ९५ अंशांसाठी उष्णतेवर पिकवायचं, किमान १५० अंशांचं रेटिंग असलेलं दोन भागांचं इपॉक्सी घ्या. कालवताना फेटू नका, बुडबुडे होतात. मध्यभागी डाळीएवढा थेंब ठेवा, चकती त्यावर टेकवून हळूहळू गोल फिरवत दाबा, कडेने सगळीकडून सारखं इपॉक्सी बाहेर आलं पाहिजे. एका बाजूने आलं नाही तर तिथे हवा अडकली आहे. चकती काढा, पुसा, पुन्हा करा. वर टेफ्लॉनचा तुकडा, त्यावर रबर, त्यावर पाच किलोचं वजन. २५ मिमी चकतीवर याने सुमारे एक बारचा दाब येतो आणि थर ०.०५ मिमीच्या आत बसतो. वजन तसंच ठेवून उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पिकवा. जाड झाकण गरम व्हायला वेळ घेतं, म्हणून वेळ झाकणाचं तापमान पोचल्यापासून मोजा.

स्टेनलेस आणि सिरॅमिक तापल्यावर सारखं फुगत नाहीत. ३०४ दर अंशाला दहा लाखांत सुमारे १७ भाग फुगतं, पीझेडटी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ७० अंशांच्या चढउतारात २५ मिमी चकतीखाली जवळपास ०.०२ मिमीचा ताण येतो, प्रत्येक बॅचला. काचेसारखं कडक इपॉक्सी यात तडकतं, सायनोॲक्रिलेट तर पहिल्या काही बॅचमध्येच सुटतं. आणि फार मऊ सिलिकॉन आवाज खातं. मधलं, थोडं लवचीक इपॉक्सी शोधायचं ते यासाठी. बाहेरच्या बाजूला मात्र चिकटवण्याऐवजी स्प्रिंगने दाबून धरलेली चकती आणि मध्ये ग्रीस असंही चालतं, बदलायला सोपं. पाण्याचं जेल लावू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शेडमध्येच ४२-४३ अंश असतात, त्यात झाकण गरम. जेल काही तासांत वाळून हवा शिरते. सिलिकॉन व्हॅक्यूम ग्रीस टिकतं. मॅग्नेटने धरायचा बेत असेल तर ३०४ ला मॅग्नेट चिकटत नाही. झाकणाच्या बोल्टवरून पट्टी घ्या.

चिकटवण जमली की नाही हे कळायला नॅनोव्हीएनए पुरतो, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्सचा आलेख काढणारं छोटं यंत्र. चिकटवण्याआधी चकतीचा इम्पिडन्स ७०० किलोहर्ट्झ ते १.३ मेगाहर्ट्झ असा काढून ठेवा. मोकळ्या चकतीला १ मेगाहर्ट्झजवळ अरुंद, खोल खड्डा दिसतो. चिकटवल्यावर तो खड्डा उथळ आणि रुंद व्हायला हवा, कारण ऊर्जा आता स्टीलमध्ये जाते आहे. त्यावर बारीक लाटाही दिसतील, त्या झाकणातल्या एकोच्या. चिकटवल्यावरही खड्डा आधीसारखाच टोकदार असेल, तर चकती फक्त टेकलेली आहे, चिकटलेली नाही. दुसरी बाजू करण्याआधी हे तपासा. दोन्ही झाल्यावर बाहेरून १० व्होल्ट द्या आणि आतल्या चकतीवर एक किलोओहमचा लोड लावून मोजा. चांगल्या फ्रिक्वेन्सीला दोन-तीन व्होल्ट मिळायला हवेत. पाव व्होल्टच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडं नीट सांगतो, कारण बरेच जण इथे अडतात. झाकणात आवाज मागेपुढे आपटत राहतो. २५ मिमी जाडीत ३०४ साठी एक फेरी सुमारे ८.८ मायक्रोसेकंदांची होते. जिथे या फेऱ्या एकमेकींना साथ देतात तिथे सिग्नल चढतो, मधल्या ठिकाणी पडतो. अशी शिखरं दर ११४ किलोहर्ट्झला येतात, म्हणून चकतीवर १ मेगाहर्ट्झ छापलंय म्हणून नेमकं तेच द्यायचं असं नसतं. कदाचित शिखर ९६० ला असेल, कदाचित १,०३० ला. आणि ते जागेवर राहत नाही. जाडी मोजणाऱ्यांचा ठोकताळा असा की स्टील ५५ अंश तापलं की आवाजाचा वेग साधारण एक टक्का कमी होतो. तुमचं झाकण ३० वरून ९५ ला गेलं की शिखर १० किलोहर्ट्झहून जास्त खाली सरकतं. सकाळी थंड टाकीवर लावलेली फ्रिक्वेन्सी दुपारी निरुपयोगी ठरू शकते. म्हणून बाहेरच्या कंट्रोलरने दर एक-दोन मिनिटांनी ९०० ते १,१०० किलोहर्ट्झ असा एक झपाटा मारून उत्तम जागा पुन्हा शोधायची. एडी९८३३ चं, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचं, मॉड्यूल यासाठी पुरतं.

सर्किट मी असं ठेवीन. बाहेर एडी९८३३, त्याचा चौरस तरंग टीसी४४२७ सारख्या गेट ड्रायव्हरला, तिथून सुमारे ८ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधून चकतीला. चकतीची कपॅसिटन्स ३ नॅनोफॅरडच्या आसपास असते. कॉइल न लावता १८ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झ दिला तर जवळपास एक वॉट नुसता ड्रायव्हर तापवण्यात जातो आणि तो थोड्याच वेळात बसतो. कॉइल लावली की ती ऊर्जा मागेपुढे खेळते. आतल्या चकतीवर शॉट्की डायोडचा ब्रिज, १,००० मायक्रोफॅरडचा १२५ अंश रेटिंगचा कपॅसिटर, १२ व्होल्टचा झेनर आणि ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. सुपरकॅपचा मोह टाळा, बहुतेक ७० अंशांच्या पुढे टिकत नाहीत. चकतीला समांतर १ मेगाओहम रेझिस्टर हवाच. पीझेडटी तापताना स्वतःच चार्ज साठवते आणि एकदम गरम झाल्यावर शेकड्यांनी व्होल्ट तयार करू शकते, त्यात डायोड जातात. मायक्रोकंट्रोलर १२५ अंशांच्या ग्रेडचा, पीटी१००० हा तापमानाचा सेन्सर आणि दाबाचा सेन्सर मिळून १०-१५ मिलिवॉट लागतात. एवढी वीज या जोडीतून सहज पोचते.

डेटा बाहेर आणायला आत वेगळा ट्रान्समीटर नको. बाहेरून वीज देणारी लहर चालूच असते. आतल्या मायक्रोकंट्रोलरने एका मॉस्फेटने आतली चकती ४७ ओहममधून शॉर्ट करायची आणि सोडायची. शॉर्ट झाल्यावर तिच्यावरून परत फिरणारा आवाज बदलतो आणि बाहेरच्या चकतीच्या करंटमध्ये काही टक्क्यांचा फरक पडतो. तो फरक म्हणजे तुमचा डेटा. बाहेर १ ओहमच्या रेझिस्टरवर करंट मोजा, एन्व्हलप (लहरीच्या उंचीतला चढउतार) काढा, मग फक्त २०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ पुढे सोडणारा बँडपास फिल्टर. सेकंदाला ५०० बिट, डिफरन्शियल मँचेस्टर कोडिंग. यात बिट पातळीवरून नाही, तर पातळी बदलली की नाही यावरून वाचतात. डिफरन्शियल यासाठी की काही फ्रिक्वेन्सींना शॉर्ट केल्यावर करंट वाढतो, काहींना कमी होतो, आणि शिखर सरकताना हे उलटतं. साध्या कोडिंगमध्ये तिथे सगळे बिट पालटतील. आणि फ्रिक्वेन्सी निवडताना फक्त व्होल्टेज नाही तर हा फरकही पाहा. एखाद्या ठिकाणी वीज भरपूर पोचते पण फरक शून्य असतो.

५०० बिटला अर्ध्या बिटची वेळ १ मिलिसेकंद होते. झाकणातले एको शे-दोनशे मायक्रोसेकंदांत विझतात, त्यामुळे एका बिटची शेपटी दुसऱ्यात मिसळत नाही. ६४ बिटांची फ्रेम १२८ मिलिसेकंदांत जाते, आणि तेवढा वेळ कपॅसिटर आतलं सर्किट ओढून नेतो.

वेग वाढवायचा म्हटला की हेच एको आडवे येतात. अमेरिकेतल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शॉर्ट करण्याच्या याच पद्धतीने जाड स्टीलमधून सेकंदाला काही शे बिट पाठवले होते. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच ६३.५ मिमी स्टीलमधून ५० वॉट वीज आणि १० मेगाबिटच्या वर डेटा एकाच वेळी नेला, पण त्यासाठी वीज आणि डेटा यांच्या वेगळ्या जोड्या आणि ओएफडीएम लागलं, म्हणजे शेकडो अरुंद वाहिन्यांत डेटा वाटून प्रत्येक शिखराला झेपेल तेवढा द्यायचा. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने तर टायटॅनियमच्या प्लेटमधून किलोवॉटच्या घरात वीज नेली आहे. भिंत काय सोसते याचा अंदाज यावरून येतो. तुम्हाला तेरा बिट हवेत.

शेडमध्ये एक शत्रू आणखी आहे, व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. दोन्ही चकत्यांचा खालचा इलेक्ट्रोड टाकीच्या अंगाला लागून असल्यामुळे ॲजिटेटरच्या ड्राइव्हचा सगळा कचरा थेट तुमच्या मोजणीत येतो. रिसीव्हर झाकणाजवळच ठेवा, वायर आरजी-१७४ कोॲक्स, शील्ड फक्त झाकणाच्या बाजूला जोडलेलं, मोटरच्या केबलपासून हातभर लांब. झाकण आणि शेल यांच्यात गॅस्केट असतं, त्यामुळे दोघांमध्ये अर्थिंगची पट्टी घाला, नाहीतर बोल्टच्या गंजाप्रमाणे वाचन नाचतं.

आतल्या सर्किटला स्टीलची टोपी लागेल. ४० मिमीच्या टोपीवर ४ बारला सुमारे ५० किलोचा भार येतो, पत्र्याची चालणार नाही. ३०४ चा गोळा लेथवर कोरून घ्या, भिंत ३ मिमी. चकतीच्या पाठीमागे हवाच ठेवा, तिथे पॉटिंग (सर्किटवर ओतायचा राळेसारखा मसाला) भरलं की आवाज तिकडे गळतो. टोपी झाकणाला वेल्ड करायची असेल तर त्याला भोकाएवढीच परवानगी लागते. इपॉक्सीने बसवली तर कडेला गोल फिलेट द्या आणि व्हेसल व्हॅक्यूममध्ये जाणार नाही याची खात्री करा. दाब टोपीला झाकणाकडे ढकलतो, व्हॅक्यूम ओढतो. वापरात घेण्याआधी टोपीसकट हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घ्या.

काही आठवड्यांनी सिग्नल उतरायला लागला तर आधी बाहेरचं ग्रीस बदला, बहुतेक वेळा तिथेच असतं. तरीही उतरलेला असेल तर नॅनोव्हीएनएचा आलेख पहिल्या दिवशीच्या आलेखाशी ताडून बघा. बाहेरच्या चकतीचा खड्डा पुन्हा टोकदार होत असेल तर तिचा सांधा सुटतोय. बाहेरचा तसाच असेल आणि त्यावरच्या एकोच्या लाटा जास्त उंच झाल्या असतील तर आतली चकती सुटतेय, कारण ती आता ऊर्जा घेत नाही, परत फेकते. हे झाकण न उघडता कळतं. म्हणून पहिल्या दिवशीचा आलेख जपून ठेवा, थंड टाकीचा एक आणि ९५ अंशांचा एक.

झाकणाची जाडी, ते सपाट आहे की डिश, जॅकेट आहे का, आत माल कोणता आणि बॅच दिवसाला किती, एवढं कळवा. बॅचच्या संख्येवरून इपॉक्सी कोणतं घ्यायचं आणि टोपी कशी करायची ते नेमकं सांगता येईल.